हिरव्या सँडल आणि त्यांची पर्स

गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भोपाळच्या साकेत नगरमध्ये विमलकाकूंच्या बैठकीच्या खोलीत बत्तीस हजार रुपयांची बोलणी झाली. हजर पाच जण. ब्याऐंशी वर्षांच्या विमलकाकू. त्यांचा मुलगा संजय, सिंचन खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. बाग सेवनियाहून आलेली अनघा, जिची आई सुशीलाबाई एके काळी पिपलानीला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये काकूंच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायची. एका मालिकेसाठी जुने कपडे आणि वस्तू गोळा करणारी निकिता. आणि मी. माझी फी पंधराशे, निकाल काहीही लागो.

टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून दोन वस्तू मांडल्या होत्या. गडद हिरव्या रंगाच्या, सायीच्या रंगाची बारीक किनार लावलेल्या सँडल, आणि तशाच रंगाची, तशाच किनारीची पर्स. सँडल काकूंच्या कपाटातून निघाल्या होत्या, पर्स अनघाच्या ट्रंकेतून. दोन्ही घरांनी वेगवेगळ्या जाहिराती दिल्या होत्या आणि निकिताला दोन्ही फोटो एकाच आठवड्यात दिसले होते. तिची अट सरळ होती: दोन्ही मुळातच एकत्र बनलेल्या असतील तर जोडीचे बत्तीस हजार. नसतील तर सुट्ट्या, प्रत्येकी चार हजार. आणि जोडी असेल तर मालक कोण, तेही लिहून पाहिजे, कारण तिचं ऑफिस पैसे एकाच खात्यात टाकणार होतं.

नावं मी बदलली आहेत. मापं खरी आहेत.

माझा धंदा आधी सांगते, कारण लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि मी सांगितलं की माणसं माझ्या पायांकडे बघायला लागतात. जुन्या चपला-बुटांचं आणि पर्सांचं वय सांगणं, आणि जोडी म्हणून विकायला आलेली जोडी जन्माची आहे की नंतर कुणी जमवलेली आहे हे सांगणं, हे माझं काम. माझे यजमान टाउनशिपच्या कारखान्यात तपासणी विभागात आहेत. ते लोकांना सांगतात, "आम्ही टर्बाइन पास करतो, ही चपला नापास करते."

शिकले मी न्यू मार्केटमधल्या एका मोठ्या चपलांच्या दुकानात. तिथे तक्रारीच्या खिडकीवर माझी सतरा वर्षं गेली. दुकानाची हमी सहा महिन्यांची होती आणि भोपाळमध्ये तुटलेली प्रत्येक चप्पल गेल्याच महिन्यात घेतलेली असायची. पावती नेहमी हरवलेली असायची. मग पावतीचं काम चपलेकडूनच करून घ्यावं लागायचं. तीन उन्हाळे बघितलेला तळ मला सांगायचा की तीन उन्हाळे झाले, आणि समोरचे गृहस्थ शपथेवर सांगायचे की पंधरा दिवस. मी चपलेवर विश्वास ठेवायची आणि गृहस्थांना पाणी द्यायची. ते दुकान पुढे बंद झालं. खिडकी गेली, सवय राहिली. आता जुन्या वस्तूंचा शौक वाढला आहे, भोपाळमध्ये शूटिंगं वाढली आहेत, आणि नेटवर विकणारे प्रत्येक वस्तूला ‘आजीच्या काळची’ म्हणतात. कुणाच्या आजीच्या, हे सांगायला माझ्यासारखी बाई लागते.

काम वाटतं तितकं गूढ नाही. सँडल उलटी करायची. तळ चामड्याचा आहे की रबराचा की नंतरच्या हलक्या साच्यातल्या मालाचा, शिवलेला आहे, खिळ्यांनी ठोकलेला आहे की नुसता चिकटवलेला. टाच लाकडाची आहे की प्लास्टिकची. नखानं वाजवली तरी कळतं. पर्सची चेन धातूच्या दातांची आहे की नायलॉनची. अस्तर साटीनचं आहे की सुती, आणि त्याखाली स्पंज घातला असेल तर त्याचा भुगा झाला आहे का. शिवणीतून एक धागा काढून काडी लावायची: सुती धागा कागदासारखा जळतो, पॉलिएस्टरचा गोळा होतो. दुकानाचं लेबल असेल तर देवच पावला. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर माल बहात्तर सालाच्या आधीचा असूच शकत नाही, कारण पिन तेव्हा आला. भल्याभल्या राजघराण्यांच्या आज्या मी या एका पिनवर घरी पाठवल्या आहेत.

जोडी ठरवणं थोडं अवघड. लोक सँडलचा वरचा रंग पर्सच्या वरच्या रंगाशी ताडून बघतात. ते चूक आहे. सँडल धुळीत चालते, पर्स हातात मिरवते, दोघींचं आयुष्य वेगळं, म्हणून चेहरेही वेगळे होतात. लपलेली जागा लपलेल्या जागेशी ताडायची. पर्सच्या कडीखालचा भाग, सँडलच्या बक्कलखालचा भाग, जिथे ऊन पोचलेलं नाही. तिथे रंग एक असेल, चामड्याची छिद्रं सारखी असतील, किनारीचा टाका एका इंचात तेवढाच बसत असेल, तर मी सही करते.

गिऱ्हाइकं मात्र नमुनेदार. एक निवृत्त इंजिनिअर साहेब बायकोची मरून रंगाची जोडी पिशवीत लपवून घेऊन आले. म्हणाले, "वय नको सांगू. आमच्या लग्नाच्या आधीची की नंतरची, एवढंच सांग." लग्नाचं साल त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी बघितलं, जोडी लग्नाच्या किमान चार-पाच वर्षं आधीची होती. साहेबांचा चेहरा असा झाला की मी त्यांना बसायला सांगितलं. बायको चाळीस वर्षं ती जोडी कुणाला हात लावू देत नव्हती आणि कुठून आली ते सांगत नव्हती. मी म्हटलं, विचारा तरी. आठ दिवसांनी फोन आला. ती जोडी त्यांच्या आईची होती. सासूनं सुनेला गुपचूप दिली होती, का, तर मुलींना कळलं तर त्या भांडतील. "म्हणजे माझ्याच घरातली," ते म्हणाले, आणि मग, "फी अर्धी होईल का? माल आमचाच निघाला." मी पूर्ण घेतली.

चार इमली या साहेबांच्या वस्तीतली एक आठवण मात्र मला आवडत नाही. एका अधिकाऱ्यांच्या बंगल्यात भिंतीवर काचेच्या चौकटीत जरीकामाचा मखमली बटवा होता आणि खाली जुळणाऱ्या मोजड्या. जेवायला बारा माणसं होती. बाईंनी मोठ्या हौसेनं सांगितलं, "सासूबाईंच्या आजेसासूंचा, शंभर वर्षांचा," आणि माझ्याकडे बघितलं. मी सुई काढली, काडी काढली, आणि बारा माणसांदेखत सांगितलं की मोजड्या जुन्या आहेत, बटवा तीसेक वर्षांचा आहे, धागा पॉलिएस्टरचा आहे. खरं होतं. पुढच्या वेळी गेले तेव्हा भिंतीवर चौकट नव्हती, नुसता खिळा होता. बाई चहा देताना म्हणाल्या, "तुमचा हिशेब बरोबर असतो हो." त्यानंतर मी एक नियम केला: निकाल कागदावर द्यायचा, माणसांदेखत नाही.

हा नियम साकेत नगरच्या त्या दुपारी कामी आला.

संजयनं सुरुवातच जोरात केली. "रेखाताई, याच्यात बघायचं काय आहे? बाबा सहा महिने लंडनला ट्रेनिंगला होते. तिथून आईसाठी आणलेली जोडी आहे. सगळ्या टाउनशिपला माहीत होतं."

"मग पर्स माझ्याकडे कशी?" अनघानं विचारलं.

"सुशीलाकाकूंनी एखाद्या फंक्शनला मागून नेली असेल. राहून गेली असेल. तेव्हा चालायचंच."

अनघानं पर्सवर हात ठेवला. ती शाळेत गणित शिकवते आणि आवाज चढवत नाही, त्यामुळे जास्त लागतं. "संजूदादा, माझ्या आईनं कुणाचं काही ठेवून घेतलेलं मला आठवत नाही. उलट ती शेवटपर्यंत म्हणायची, हिरव्या सँडल विमलकडे राहिल्या."

संजयनं आईकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

"सुशीलानं काही नेलं नाही," काकू म्हणाल्या.

"मग काकू, तुम्ही?"

"मीही नाही."

"मग काय, सँडल आपल्या पायांनी रस्ता ओलांडून आल्या?"

काकूंनी पुढे वाकून सँडल उचलल्या आणि मांडीवर घेतल्या, जशा बायका देवळात पर्स धरून बसतात. ब्याऐंशीव्या वर्षी मुलासमोर आणि मैत्रिणीच्या मुलीसमोर चोर ठरायची वेळ आली होती आणि बाई गप्प. मला वाटलं, एक तर यांनी खरंच घेतल्या आहेत, नाहीतर त्यांना काहीतरी झाकायचं आहे.

मग फोटो आले. अनघानं मोबाइलवर आपल्या आईचा दाखवला: क्लबच्या पायऱ्यांवर सुशीलाबाई, हातात पर्स, पायांत सँडल. संजयनं अल्बम आणला: त्याच पायऱ्यांवर विमलकाकू, हातात तीच पर्स, पायांत त्याच सँडल.

निकिता दोन्हींकडे बघून म्हणाली, "दीदी, ये तो दोनों ही मालकिन निकलीं."

"बेटा, दस-बारह दिन दे," मी म्हटलं. दोन्ही फोटोंच्या प्रती घेतल्या, दोन्ही वस्तूंची पोच लिहून दिली आणि निघाले. दारापर्यंत काकू आल्या. हळूच म्हणाल्या, "तू बघ आणि लिही. चपलांना जे सांगायचं ते सांगू दे. त्यांना मी गप्प बसवू शकत नाही."

घरी जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून बसले. जोडीचा प्रश्न तासाभरात सुटला. बक्कलखालचा हिरवा आणि कडीखालचा हिरवा एकच. किनारीचे टाके इंचाला अकरा, दोन्हीकडे. एकाच कारखान्यातली, एकाच वेळची, जन्माची जोडी. टाच लाकडाची, धागा सुती, चेन धातूची. सदुसष्ट ते एकाहत्तरच्या मधली. पण लंडनची नव्हती. तळाचं चामडं कमावण्याची पद्धत, टाचेला ठोकलेले खिळे, पर्सच्या तळाला आतून लावलेला पुठ्ठा, सगळं आपल्याकडचं. बहुधा कानपूरचं. आणि एक गोष्ट: पर्सच्या अस्तरावर आणि सँडलच्या आत, जिथे लेबल असतं, तिथे लेबल नव्हतं. झिजून गेलं नव्हतं. कापलं होतं. कात्रीनं, नीट, चारी टाक्यांची टोकं शाबूत ठेवून.

तक्रारीच्या खिडकीवर कापलेल्या लेबलाचा एकच अर्थ असायचा: काहीतरी लपवायचं आहे. पण चोरलेल्या वस्तूचं लेबल कुणी एवढं जपून कापत नाही.

मग मी पट्टा बघितला. घोट्यावरून जाणाऱ्या पट्ट्याला चार भोकं होती. एक कारखान्याचं, धातूची कडी बसवलेलं. बाकी तीन नंतर आरीनं पाडलेली. एक बाई आयुष्यभर एक भोक वापरते. पाय सुजले, बाळंतपण झालं, तर दुसरं. पण इथे चारही भोकं सारखीच ताणलेली होती. चारही ठिकाणी बक्कलच्या काट्याची आडवी खूण होती. टाच बघितली तर बाहेरूनही झिजलेली आणि आतूनही. चालताना बाई टाच बाहेरून झिजवते किंवा आतून. दोन्हीकडून झिजवायची तर तिला रोज चाल बदलावी लागेल. आणि अंगठ्याच्या पोकळीत कापसाचा एक घट्ट गोळा, पातळ कापडात शिवलेला. काढला तर सँडल सहा नंबरची, ठेवला तर साडेचारची.

यजमान मागे येऊन उभे होते. म्हणाले, "आमच्याकडे तीन पाळ्यांत मशीन चालतं, त्याचं असंच होतं. ऑपरेटर बदलला की झीज बदलते."

मी फोटो उजेडात धरले. सुशीलाबाईंच्या घोट्याशी पट्ट्याचं टोक लांब लोंबत होतं. विमलकाकूंच्या घोट्याशी टोक जेमतेम बक्कलबाहेर आलं होतं. दोन भोकं, दोन बाया. उरली दोन.

सकाळपर्यंत थांबवेना. मी अनघाला फोन लावला. विचारलं, लहानपणी ही पर्स कधी हातात घेतली होतीस का?

"एकदाच. आईनं धपाटा घातला होता. म्हणाली, ठेव ते, आपलं एकटीचं नाही."

"एकटीचं नाही म्हणाली, की आपलं नाही म्हणाली?"

"एकटीचं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या मोठ्या ताईचं पण आहे, असं म्हणत असेल."

दोन दिवसांनी सकाळी मी साकेत नगरला गेले. संजय बँकेत गेला होता. मी मुद्दाम तीच वेळ काढली होती. काकू मटार सोलत होत्या. मी समोर बसले, ताटातले चार मटार घेतले आणि विचारलं, "काकू, बाकीच्या दोघी कोण?"

त्यांचा हात थांबला. मग त्या हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पट्ट्यानं सांगितलं ना? मी तेव्हाच म्हटलं होतं, भोकं नका पाडू म्हणून. पण खन्ना भाभीचा पाय बघितला असतास तू. पाय नव्हता, बिछान्याचा होल्डॉल होता."

चौघी होत्या. विमलकाकू, सुशीलाबाई, मागच्या क्वार्टरमधल्या अमरावतीच्या मालतीबाई, आणि शेजारच्या खन्ना भाभी. नवरे कारखान्यात एकाच शॉपमध्ये, म्हणजे विभागात, कुणी चार्जमन, कुणी टेक्निशियन. वर्षाकाठी क्लबात मोठं जेवण व्हायचं, वरच्या साहेबांचं. प्रत्येक शॉपमधून खालच्या पदावरच्या एकाच जोडप्याला बोलावणं यायचं, पाळीपाळीनं. तिथे साहेबांच्या बायका पायापासून हातापर्यंत जुळवून यायच्या. एकदा मालतीबाई निळ्या साडीवर लाल चपला घालून गेल्या होत्या आणि परत येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

"मग आम्ही भिशी लावली," काकू म्हणाल्या. "चौघींची. महिन्याला पाच-पाच रुपये. सुशीलाचा भाऊ कानपूरला होता, त्यानं जोडी पाठवली. बोलावणं एका वेळी एकीलाच, मग जोड्या चार कशाला? जिचा नंबर, तिनं घालायची."

"आणि सँडल तुमच्याकडे, पर्स त्यांच्याकडे, ती कशी?"

"अगं, नियमच तो होता. दोन्ही एका घरात ठेवायचं नाही. एकीकडे दोन्ही राहिलं असतं तर ती भाजी आणायलाही घालून गेली असती. मालतीचे मिस्टर शॉपच्या स्टोअरमध्ये होते ना. तिथे मोठ्या कपाटाला दोन कुलपं असतात, दोन किल्ल्या दोन माणसांकडे. मालतीनंच ते काढलं. पर्स सुशीलाकडे, सँडल माझ्याकडे. दोघींनी हो म्हटल्याशिवाय कुणाला जोडी मिळायची नाही. आम्हालासुद्धा."

मी सतरा वर्षं खिडकीवर बसले आणि इतकी वर्षं हा धंदा केला, पण दोन घरांत सापडलेल्या जोडीचा हा अर्थ माझ्या डोक्यात आला नव्हता. टाउनशिपबाहेर कुणाच्या येणारही नाही.

"मग परवा बोलला का नाहीत? अनघा काय म्हणाली ऐकलंत ना?"

काकूंनी सोललेले मटार एका बाजूला केले. "संजय बसला होता."

लेबलं का कापली, ते आता कळलं. कानपूर लिहिलेलं होतं म्हणून. पहिला नंबर खन्ना भाभींचा. जेवणात एका साहेबांच्या बाईंनी विचारलं, कुठली आहे? भाभी घाबरल्या आणि बोलून गेल्या, पड़ोसन की है, उनके मिस्टर लंदन से लाए. काकूंचे यजमान खरंच लंडनला जाऊन आले होते. दुसऱ्या दिवशी कारखानाभर झालं, मग चौघींनी लेबलं कापली. काका घरी आले आणि विचारलं, "मी काय आणलं होतं ग?"

"त्यांनी खरं काय आणलं होतं?"

"दाढीच्या ब्लेडची पाकिटं. आणि मशीनचे कॅटलॉग, हे एवढे. मला एक पोस्टकार्ड, पुलाचं." काकू परत हसल्या. "पण लोक कौतुक करायला लागले ना. मोठे साहेब म्हणाले, यू हॅव टेस्ट. पहिले सहा महिने हे गप्प राहिले. मग हळूहळू हो म्हणायला लागले. शेवटी शेवटी तर दुकानाचं वर्णन करायचे. पायऱ्या होत्या, दाराला घंटा होती, विकणारी बाई म्हातारी होती. संजय त्यांच्या मांडीवर बसून ऐकायचा. गेले तेव्हा त्यानं शोकसभेत हीच गोष्ट सांगितली. आता मी काय सांगू? सुशीलाला चोर होऊ देणार नाही मी. पण ह्यांना खोटंही पाडणार नाही. मग राहिले मीच. म्हटलं, ठरू दे मला चोर, मला किती दिवस राहायचंय."

चार इमलीतला खिळा मला आठवला. मी म्हटलं, "काकू, मी लंडन लिहू शकत नाही."

"लिहू नकोस. तुला कोण सांगतंय?"

"भारतीय बनावट लिहावं लागेल. संजय वाचेल."

"वाचू दे," त्या म्हणाल्या, पण मटारांकडे बघत.

अनघाला काकूंनी माझ्यासमोरच फोन केला. काय बोलणं झालं ते सगळं सांगत नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "अगं, ‘विमलकडे राहिल्या’ म्हणजे सांभाळायला राहिल्या. तुझी आई तक्रार करत नव्हती, हिशेब सांगत होती." दुपारी अनघा स्वतः आली, काकूंच्या पाया पडली आणि मटारांच्या करंज्या घेऊन गेली. संजयसमोर तोंड उघडायचं नाही, हे तिनं स्वतःच कबूल केलं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "ताई, आईच्या वाक्याचं मी जे केलं, गणितात त्याला काय म्हणतात माहीत आहे? उत्तर बरोबर, रीत चुकली."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही पाच जण पुन्हा त्याच खोलीत जमलो. मी कागद टीपॉयवर ठेवला. मोठ्यानं वाचला नाही. ज्याला हवं त्यानं उचलावा. त्यात लिहिलं होतं: जोडी मूळची, एकत्र बनलेली. काळ सदुसष्ट ते एकाहत्तरच्या दरम्यान. बनावट भारतीय, बहुधा कानपूर. लेबलं काढलेली. मालकी: दोन्ही घरांची सामाईक, काकूंना आणि अनघाला मान्य.

निकितानं आधी वाचला. मला भीती होती की कानपूर बघून ती भाव पाडेल. ती म्हणाली, "लंदन का मैं क्या करती दीदी, सीन तो पिपलानी के क्वार्टर का है." आणि सही केली.

मग संजयनं कागद उचलला. चष्मा वर केला, खाली केला. एका ओळीवर तो बराच वेळ थांबला. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. अनघा पर्सची चेन लावत होती, जी आधीच लागलेली होती. माझ्या मनात तीन वाक्यं तयार होती आणि तिन्ही निरुपयोगी.

"रेखाताई, भारतीय? नक्की?"

"नक्की."

"लेबलं काढलेली?"

"हो. कात्रीनं."

त्यानं कागद खाली ठेवला. "म्हणजे बाबांना फसवलं," तो म्हणाला. "लंडनमध्ये बसून त्या म्हातारीनं आपलाच माल लेबल कापून बाबांना विकला. आणि बाबा इकडे जन्मभर तिच्या दुकानाचं कौतुक करत राहिले."

काकू खिडकीकडून वळल्या. "साधे होते रे तुझे बाबा," त्या म्हणाल्या.

"फारच," संजय म्हणाला, आणि त्याला वडिलांची इतकी माया आली की तो आत जाऊन सगळ्यांसाठी स्वतः चहा करून घेऊन आला. साखर विसरला. आम्ही प्यायलो.

माझा दाखला चपलांपुरता असतो. वडिलांबद्दल मला कुणी फी दिलेली नव्हती. ज्या अंकात हे छापून येतंय तो संजय वाचत नाही, हे मी आधी विचारून घेतलं आहे.

पैसे अनघाच्या खात्यात आले आणि वाटणी काकूंनी सांगितली. बत्तीसचे चार भाग का, असं संजयनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जुन्या भिशीचा हिशेब आहे, बायकांचा." हे अक्षरशः खरं होतं. खन्ना भाभी आता पिपलानीत मुलीकडे असतात, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "विमल, पहला नंबर मेरा था, याद है ना? पैसे भी पहले मुझे." मालतीबाई राहिल्या नाहीत; मुलगी नागपूरला असते.

तिच्या भागाशी येऊन काकू अडल्या. "हिचे साडेआठ कर," त्या मला म्हणाल्या. "पाचशे माझ्यातले काप."

मी म्हटलं, चौघींचे सारखे होतात, आठ-आठ.

"आम्ही क्वार्टर सोडला त्या वर्षी नंबर मालतीचा होता. बोलावणं आलं होतं तिला. आमचं सामान ट्रकमध्ये चढलं होतं आणि सँडल त्याच्यात. तिनं दारात येऊन विचारलं, मी म्हटलं, आता कुठे शोधू, पुढच्या वर्षी घाल. पुढच्या वर्षी त्यांच्या शॉपला बोलावणं आलं नाही. परत तिच्यापर्यंत नंबर गेलाच नाही."

तेव्हा शेवटचा हिशेब असा. निकिताकडून बत्तीस हजार. त्यातले आठ हजार खन्ना भाभींना, सगळ्यांत आधी, रोख, पिपलानीला नेऊन. आठ हजार अनघाला, सुशीलाबाईंचे म्हणून. मालतीबाईंच्या मुलीला नागपूरला साडेआठ हजार. विमलकाकूंना साडेसात. आणि मला पंधराशे, निकिताकडून वेगळे, ठरल्याप्रमाणे.